गटारी नीट पार पाडायची तर: मापं, वेळापत्रक आणि दुसऱ्या दिवशीचा हिशेब

आषाढ अमावस्या म्हणजे दिव्यांची आवस. सकाळी समया, निरांजनं, लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे उकडायचे, पूजा करायची. संध्याकाळी त्याच घरातला एक जण कापडी पिशवी घेऊन बाहेर पडतो, आणि परत येताना ती पिशवी किणकिणते. एका तिथीला दोन सण: सकाळी दिव्यांची आवस, आणि संध्याकाळी गटारी, म्हणजे श्रावण लागायच्या आधीची शेवटची बैठक. दोन्ही पाळणाऱ्यांना पहिली सूचना: सकाळी समई तुम्ही घासा. ज्याने सकाळी पितळ उजळलं आहे त्याला संध्याकाळी ग्लास मागताना आवाज खाली करावा लागत नाही.

बाकी सगळं मापाचं काम आहे. गटारी फसते ती दारू वाईट म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ती आठवीच्या गणितात नापास झाल्यामुळे फसते.

तारीख ठरवणं

अमावस्या पंचांग ठरवतं, बैठक वार ठरवतो. २०२४ साली ४ ऑगस्टला रविवारी अमावस्या आली, त्याहून सोयीचं काही नाही. २०२५ साली २४ जुलैला गुरुवार होता. दत्ताचे, साईंचे, स्वामींचे भक्त आदल्या दिवशी बुधवारीच उरकून मोकळे झाले. २०२३ ची तऱ्हाच वेगळी. १७ जुलैला सोमवती अमावस्या, आणि पुढे अधिक श्रावण. म्हणजे खरा श्रावण सुरू व्हायला आणखी महिना. कर्मठ मंडळींनी जुलैत गटारी केली, सोयीस्कर मंडळींनी ऑगस्टच्या मध्यावर केली, आणि अभ्यासू मंडळींनी दोन्ही वेळा केली. २०२६ ची अमावस्या १२ ऑगस्टला, बुधवारी आहे. वार खाण्यापिण्याचा, पण दुसऱ्या दिवशी कामाचा गुरुवार. त्याचा हिशेब पुढे येतोच.

नियम एवढाच: दिवस पुढेमागे करायचा तर मागे करा. पुढे श्रावण उभा आहे.

कायद्याचंही आत्ताच उरकून घेऊ. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जागा आहे. त्यानुसार प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, आणि तो खिशात असलेला माणूस आम्ही कुणी सहसा पाहत नाही, पण नियम तो आहे. कडक दारूसाठी वयाची अट पंचवीस, सौम्य बिअरसाठी एकवीस. वर्धा आणि गडचिरोली हे कोरडे जिल्हे आहेत. तिकडच्या मेहुण्याकडे जाताना भेट म्हणून बाटली नेऊ नका. चंद्रपुरातली बंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. गोव्यात स्वस्त मिळाली म्हणून डिकीत भरून आणणाऱ्यांनी सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर राज्य उत्पादन शुल्कवाले उभे असतात हे लक्षात ठेवावं. तिथे वाचलेले पैसे व्याजासकट जातात.

खरेदी: खंबा का आणू नये

क्वार्टर १८० मिली, हाफ ३७५, खंबा ७५०. स्मॉल पेग ३०, लार्ज ६०. एवढे पाच आकडे पाठ असले की निम्मं संकट टळतं.

पिणारे तिघं असतील तर एक हाफ आणा. प्रत्येकी दोन लार्ज, झाले ३६०. वर उरतात पंधरा मिली, ते यजमानाचे किंवा भांडणाचे. चौघं असतील तर ४८० लागतात. हाफ आणि क्वार्टर मिळून ५५५ होतात. इथे दुकानात उभ्या उभ्या एक हुशार माणूस म्हणतो, "त्यापेक्षा खंबाच घे, मिलीमागे स्वस्त पडतो." खरं आहे, पडतो. पण घरात उघडलेला खंबा उरत नाही. तो साडेबारा लार्जचा असतो. चौघांत तीन-तीन गेले की तळाला अर्धा पेग राहतो, आणि तो अर्धा कुणाचा यावरून रात्री साडेअकराला जी चर्चा होते ती ऐकणाऱ्यालाच कळते. शंभर-दीडशे रुपये वाचवून चौघांनी प्रत्येकी एकेक लार्ज जास्त घेतलेला असतो.

"मी आपला फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यासाठी थोडं गणित. भारतातली व्हिस्की, रम, व्होडका बहुतेक ४२.८ टक्क्यांची. ६० मिलीत शुद्ध अल्कोहोल साधारण २० ग्रॅम. बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची. पाच टक्क्यांची माइल्ड असेल तर तिच्यात २५ ग्रॅमच्या वर, आणि आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१. म्हणजे एक स्ट्राँग बिअर म्हणजे दोन लार्ज. तीन स्ट्राँग बिअर पिऊन "आज काही घेतलीच नाही" म्हणणारा सज्जन गृहस्थ क्वार्टर संपवून दुसरीही संपवून बसलेला असतो.

बाकी यादी: तिघांच्या सहा लार्जना प्रत्येकी १८० मिलीच्या हिशेबाने सव्वा लिटरच्या आत पाणी-सोडा लागतो, दीड लिटर आणा. बर्फ दोन किलो, थर्माकोलच्या डब्यात. आणि साधं पिण्याचं पाणी वेगळं, माणशी किमान लिटरभर. गटारीच्या दिवशी सगळं आठवतं आणि पाणी विसरतं, मग रात्री एक जण स्वयंपाकघरात अंधारात माठ शोधत भांडी पाडतो.

हातभट्टीबद्दल एकच परिच्छेद, पण तो गाळू नका. गूळ-नवसागराच्या रसायनातून जी निघते तिच्यात मिथेनॉल तसं थोडंच असतं. माणसं दगावतात ती कारखान्यातलं स्वस्त मिथेनॉल तिच्यात वाढवलं जातं तेव्हा. मुंबईत २००४ साली विक्रोळीला आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत हेच झालं; मालवणीत शंभरावर माणसं गेली. मिथेनॉलला वेगळा वास नाही, वेगळी चव नाही. काडी लावून ज्योतीचा रंग बघणं, हातावर चोळून बघणं, या सगळ्या तपासण्या बिनकामाच्या आहेत. शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसेवर जातं. म्हणून दारू उतरायच्या वेळी, बारा ते चोवीस तासांनी, धुकं पडल्यासारखं दिसू लागलं, पोटात पिळवटलं, दम लागला तर तो हँगओव्हर समजून झोपू नका. त्याच पायी मोठ्या सरकारी रुग्णालयात जा आणि काय प्यायलं ते खरं सांगा. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत पोचला तर.

माप धरणारा

प्रत्येक बैठकीत एक माप धरणारा नेमावा. तो न पिणारा असेल तर उत्तम, नसेल तर सगळ्यात कंजूष असावा. पेगमेझर नसेल तर कफ सिरपच्या बाटलीवरचं टोपण धुऊन घ्या. त्यावर ५, १०, १५ च्या रेघा असतात. पंधराची चार टोपणं म्हणजे एक लार्ज. दिसायला हे फार दरिद्री दिसतं, मंडळी हसतील, हसू द्या. डोळ्यांनी ओतलेला पेग पहिल्यांदा साठ असतो, दुसऱ्यांदा पंचाहत्तर आणि तिसऱ्यांदा शंभराच्या घरात, कारण ओतणारा डोळाही तेव्हा पीतच असतो.

स्टीलच्या पेल्यात देऊ नका. आत किती आहे दिसत नाही, आणि उभट पेल्यात दोन बोटं म्हणजे किती याला काही धरबंध नाही. सरळ काचेचे ग्लास, सगळे एकाच आकाराचे. ६० मिलीवर १८० मिली पाणी-सोडा घातला की पेय साधारण पावणेअकरा टक्क्यांवर येतं. तेवढं पातळ असलं की घसा जळत नाही, पोटाचं अस्तर कमी रागावतं आणि एक ग्लास पाऊण तास पुरतो. अर्धं-अर्धं करून पिणारे शूर असतात, पण त्यांचा ग्लास पंधरा मिनिटांत रिकामा होतो आणि मग ते दुसऱ्याच्या ग्लासाकडे बघत बसतात.

भरलेल्या ग्लासात मध्येच टॉप-अप करायचा नाही. "जरासा घाल" या जरासामुळे मोजणी मोडते. ग्लास पूर्ण संपला की नवा. कितवा चालू आहे ते मोजायला काड्यापेटीतली एकेक काडी प्रत्येकापुढे ठेवत जा. रात्री दहानंतर तोंडी साक्ष ग्राह्य धरू नये.

चकणा

बारमध्ये खारे शेंगदाणे फुकट देतात ते दानत म्हणून नाही. मिठाने तहान लागते आणि तहान लागली की हात ग्लासाकडे जातो. फरसाण, वेफर्स, चणाडाळ, सगळे त्याच गटातले. घरच्या बैठकीला ही चूक करायचं कारण नाही.

चांगला चकणा तो, ज्यात प्रथिनं आणि थोडी चरबी आहे आणि मीठ बेताचं आहे. तिघांना सहा उकडलेली अंडी, वर मिरपूड. पाव किलो ओले शेंगदाणे सालीसकट उकडून. सोलत बसावं लागतं, त्यामुळे हातही गुंततो आणि तोंडही. पनीर परतून, किनारपट्टीवर असाल तर बोंबील किंवा मांदेली तळून. काकडी-गाजर-कांदा भरपूर. विदर्भातल्या मित्रांची माफी मागून सांगतो, सावजी रस्सा बैठकीनंतर जेवायचा पदार्थ आहे, बैठकीत वाटीने प्यायचा नाही. दारूने आधीच खवळलेल्या पोटात ते तिखट गेलं की सकाळी दोघांचाही बदला एकदमच चुकवावा लागतो.

मुख्य गोष्ट मात्र बैठकीच्या आधीची. दारू पोटातून फारशी शोषली जात नाही, लहान आतड्यातून शोषली जाते. पोटात अन्न असेल तर जठराचं खालचं दार मिटलेलं राहतं आणि माल हळूहळू पुढे सरकतो. रिकाम्या पोटी घेतलेला लार्ज अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण डोक्यात असतो. "आधी जेवलो तर चढत नाही" ही तक्रार म्हणजे खरं तर प्रशस्तिपत्रक आहे. सातला दोन भाकऱ्या आणि थोडं मटण पोटात घालून बसा, साडेदहाला पुन्हा जेवा. गटारीला दोनदा जेवलेलं कुणी मोजत नाही.

वेळापत्रक

तिघं आहेत, एक हाफ आहे, आठला बसायचं आहे असं धरू.

सातला अल्पोपाहार. आठला पहिला लार्ज. यातला पहिला घोट, त्यानंतरचं "हं", आणि पुढची वीस मिनिटं ही या संपूर्ण उद्योगाची कमाई आहे. खांदे खाली येतात. साहेबाचा चेहरा अंधुक होतो. पाऊस बाहेर तसाच पडतो आहे पण आता तो आपल्यासाठी पडतो आहे असं वाटतं. सव्वानऊपर्यंत या ग्लासाला पुरवा, मध्ये एक ग्लास साधं पाणी. सव्वानऊला दुसरा लार्ज, सव्वादहाला तो संपवायचा. पुन्हा पाणी. साडेदहाला जेवण. पंधरा मिली उरलेत त्याची चिठ्ठी टाका.

दोनच का, हे आकड्यांत सांगतो म्हणजे वाद नको. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात एका लार्जने शंभर मिलीमागे ढोबळमानाने ४३ मिलिग्रॅम अल्कोहोल जमतं. यकृत ते तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरवतं. हा वेग लिंबाने, कॉफीने, गार पाण्याच्या अंघोळीने किंवा बायकोच्या ओरडण्याने वाढत नाही. बाईच्या शरीरात पाण्याचा अंश कमी, त्यामुळे त्याच वजनाला तोच पेग तिला जास्त लागतो. "तू माझ्याबरोबरीने घे" हा आग्रह म्हणून गैरहिशेबी आहे.

आता गंमत अशी, की मजा येते ती पातळी वर चढत असताना, आणि तीही पन्नासच्या आसपासपर्यंत. त्यापुढे जे वाढतं ते आनंद नसतं, आवाज असतो. आणि पातळी उतरू लागली की सुस्ती, चिडचिड, रडू. तिसरा लार्ज मागणारा माणूस मागत असतो पहिल्याची वीस मिनिटं. ती दुकानात मिळत नाहीत. वरच्या वेळापत्रकाने दोन लार्ज घेतले तर पातळी पन्नास-साठच्या घरात जाऊन परत फिरते, आणि रात्री दीड-दोनपर्यंत शून्यावर येते. झोप पुरी होते.

तिसऱ्या लार्जनंतर बैठकीत काय होतं ते सर्वांना माहीत आहे, तरी ओळखीच्या खुणा नोंदवून ठेवू. एक जण "तुला भाऊ मानतो" म्हणतो आणि दोन मिनिटांनी दोन हजार सालचा हिशेब काढतो. एक जण इंग्रजीत जातो. एक जण अचानक तत्त्वज्ञ होतो आणि एक जण गच्चीच्या कठड्यावर बसायला निघतो. यातल्या शेवटच्याकडेच लक्ष द्या, बाकीचे आपोआप झोपतात. बैठक गच्चीवर, विहिरीवर, धरणाच्या भिंतीवर किंवा धबधब्याखाली करू नये. आषाढात शेवाळ असतं, आणि दारूने तोल आधी जातो, तो गेल्याचं भान नंतर येतं.

फोन यजमानाच्या कपाटात. हा नियम पहिल्या पेगच्या आधी जाहीर करा, नंतर कुणी ऐकत नाही. रात्री अकरानंतर ऑफिसच्या ग्रुपवर पाठवलेला व्हॉइस मेसेज हा या सणाचा सगळ्यात महागडा खर्च ठरलेला आहे.

गाडी

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतं. वरचा आकडा आठवा: एकच लार्ज ४३ ला नेतो. म्हणजे "एकच घेतलीय" हे पोलिसाला सांगणं म्हणजे गुन्ह्याची कबुली देणं आहे. पहिल्या वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर पंधरा हजार दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

पण खरी मेख रात्रीची नाही, सकाळची आहे. एकट्याने हाफ संपवणारा माणूस घ्या. ३७५ मिलीत १२७ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे सत्तर किलोच्या देहात २६५ च्या पुढे मजल. आठला सुरुवात केली असेल तर तासाला १५ ने उतरत उतरत तो ३० च्या खाली येतो दुसऱ्या दिवशी पावणेबाराच्या सुमाराला. सकाळी साडेनऊला तोंड धुऊन, इलायची चघळून, हेल्मेट घालून ऑफिसला निघालेला हा गृहस्थ अजून साठच्या वर आहे. पंचांगात श्रावण लागलेला असला तरी कायद्याने त्याची गटारी चालूच आहे. म्हणून बुधवारच्या गटारीला गुरुवारी लोकल किंवा रिक्षा. आलेले पाहुणे आपल्या घरी झोपवा, चटया आधी काढून ठेवा, आणि गाड्यांच्या किल्ल्या फोनच्याच कपाटात.

गोळ्या घेत असाल तर

आषाढात पोटं बिघडतात, आणि त्यावर मेट्रोनिडॅझोल नावाची गोळी सर्रास दिली जाते. तिच्यावर दारू घेतली तर तोंड लालेलाल, छाती धडधड आणि उलट्या होऊ शकतात. गोळ्या संपल्यावरही तीन दिवस थांबा. सर्दीच्या, अॅलर्जीच्या, झोपेच्या गोळ्यांवर दारू म्हणजे गुंगी दुप्पट.

मधुमेह्यांनी हे जरा हळू वाचावं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल आणि न जेवता प्यायलात, तर रात्रीतून साखर घसरते, कारण यकृत दारूच्या मागे लागलेलं असतं आणि साखर सोडायचं काम बाजूला पडतं. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. सोबतचे म्हणतात चढली, आणि पांघरूण घालून निघून जातात. ग्लुकोमीटर जवळ ठेवा आणि एका तरी न पिणाऱ्याला आपण मधुमेही आहोत हे सांगून ठेवा.

डोकं दुखेल म्हणून रात्रीच पॅरासिटामॉल घेऊन झोपणं ही लोकप्रिय चूक आहे. यकृत आधीच एक काम करतंय, त्याच्यावर दुसरं लादू नका. अॅस्पिरिन-आयबुप्रोफेन पोटाच्या अस्तराला बोचतात. दुसऱ्या दिवशी काही खाल्ल्यावर बघू.

कोणी पडला तर

ओकारी झाली की "आता मोकळा झाला" म्हणायची पद्धत आहे. जे रक्तात गेलं ते ओकून बाहेर येत नाही, आणि शेवटच्या पेगनंतरही अर्धा-पाऊण तास पातळी चढतच असते. त्याला पाठीवर झोपवू नका. डाव्या कुशीवर, वरचा गुडघा दुमडून पुढे, वरचा हात गालाखाली, तोंड जरा खाली झुकलेलं; म्हणजे पुन्हा उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाणार नाही. बैठकीतली माणसं नुसत्या दारूनेच मरतात असं नाही, त्याहून लाजिरवाण्या पद्धतीने, उलटी श्वासात अडकून गुदमरूनही मरतात. लिंबू पिळू नका, मीठपाणी पाजू नका, घशात बोटं घालू नका, बादली ओतू नका.

एक माणूस जागा ठेवा. जोरात चिमटा काढूनही डोळे उघडत नाहीत, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर, ओठ निळसर, अंग गार; यातलं काही एक दिसलं तरी १०८ ला फोन. "घरी कळेल" हा विचार तेव्हा करायचा नसतो. घरी कळतंच.

सकाळ

तोंडाला कोरड, डोक्यात हातोडे, आणि पहाटे साडेतीनला उगाच आलेली जाग. दारू लवकर झोपवते पण झोप टिकू देत नाही. शिवाय शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला ती दाबते, म्हणून रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या आणि सकाळी कोरड. रम-व्हिस्कीसारख्या गडद दारूत आंबवताना आणि मुरताना तयार होणारी इतर द्रव्यं जास्त असतात, त्यामुळे तेवढ्याच मापाला व्होडकापेक्षा तिचा त्रास अधिक. बिअर आधी की व्हिस्की आधी, यावरचे वाद मात्र निरर्थक. क्रम काही करत नाही, बेरीज करते.

औषध असं नाहीच, सांभाळणं आहे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चहाचा चमचा. हे दोन तासांत घोट-घोट. मऊ भाताची पेज, तूप-मीठ घालून. पोहे चालतील. नुसत्या चहावर राहू नका. उतारा म्हणून सकाळी पुन्हा तीस मिली घेणाऱ्याला बरं वाटतं हे खरं, कारण बिल पुढच्या तारखेला ढकललं जातं. ज्याला ही सवय लागली त्याने पुढचा भाग वाचावा.

श्रावण पाळताना

शनिवारच्या शनिवारी पिणाऱ्याला महिनाभर बंद म्हणजे काही नाही. पहिला आठवडा चिडचिड, मग झोप सुधारते, पोट आत जातं, आणि यकृतावर चरबी असेल तर तिलाही उतार पडायला लागतो.

पण रोज क्वार्टर-हाफ पिणाऱ्याने गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवशी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. हे वाचून धक्का बसेल, कारण घरचे तर आनंदात असतात. मेंदूला रोजच्या दारूची सवय झालेली असते. ती अचानक काढली की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस ओळखू येत नाही, ताप चढतो, आणि त्यात जीवही जातो. घरात "अंगात आलं" म्हणून अंगारा लावत बसतात. पाहिजे असतं रुग्णालय. ज्याचे सकाळी हात थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात, त्याने श्रावण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करावा. सात-आठ दिवस औषधं देऊन हे सुरक्षित उतरवता येतं. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं आहे, आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातही हे होतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याची संघटना, तिच्या मराठीत चालणाऱ्या सभा महाराष्ट्रात गावोगाव आहेत. तिथे नाव विचारत नाहीत आणि पैसे घेत नाहीत.

उरली तर

उरत नाही, पण धरून चालू. व्हिस्की-रमचं बूच घट्ट लावून बाटली उभी ठेवा, आडवी नको. कडक दारू बुचाला खाते. उन्हापासून लांब, कपाटात, महिनोन्‌महिने काही होत नाही. उघडलेली बिअर ठेवू नका, वाइन फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. बाटलीवर पेनाने पातळीची रेघ मारा आणि रेघ मारल्याचं कुणाला सांगू नका.

ती कधी उघडायची याचं नियोजन मात्र आजच करा. श्रावण पोळ्याला संपतो, पण चारच दिवसांत गणपती येतात. अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं की लगेच पितृपक्ष, तो संपतो तोच घट बसतात. अगदी कडक पाळणाऱ्या घरात बाटलीचा नंबर दसऱ्याच्या संध्याकाळी लागतो. मध्ये कधीतरी तिच्यावरची धूळ पुसायला विसरू नका; धूळ नसलेली बाटली बायको लगेच ओळखते.